धुरीचा वायु जातो कोठें?

चैत्र संपत आला म्हणजे चऱ्होलीच्या अंगणांतून आणि गच्च्यांवरून गव्हाचीं वाळवणें दिसूं लागतात. इंद्रायणीच्या कांठचें हें गांव १९९७ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि नदीपलीकडे चाकणच्या बाजूस कारखान्यांची रांग लागली. तरी वर्षाचें धान्य एकदांच भरून ठेवण्याची चाल कांहीं सुटली नाहीं. पूर्वीं तें कणगींत वा भिंतीच्या बळदांत पडत असे. आतां तें पत्र्याच्या कोठींत किंवा प्लास्टिकच्या पिंपांत पडतें, आणि तें पिंप पुष्कळदां निजावयाच्या खोलींतच असतें. कारण लहान घरांत त्याला दुसरी जागाच नसते.

याच वाळवणांच्या दिवसांत चऱ्होलीहून शाळेंत येणाऱ्या एका विद्यार्थ्यानें रसायनशास्त्राच्या तासाला विचारलें, "सर, आई गव्हांत औषधाची टिकडी फडक्यांत बांधून ठेवते. कांहीं दिवस लसणासारखा वास येतो, मग तो जातो. तो जातो कोठें?" वर्गांतील मुलें हसलीं. परंतु विद्यार्थिमित्रहो, हा प्रश्न हसण्यासारखा नाहीं. याच प्रश्नाचें उत्तर उशिरा सांपडल्यामुळें अनेक देशांना आपले कायदे बदलावे लागले. म्हणून तासाला अर्धवट राहिलेला तो धडा येथें पुरा करण्याचें योजिलें आहे, आणि तो पालकांनींही वाचावा अशी विनंति आहे.

प्रथम हें पाहूं कीं धान्याला वायूचीच धुरी कां द्यावी लागते. कडुनिंबाचा पाला, राख, भुकटी यांनीं कीड दूर राहते, पण दाण्यांत शिरलेली कीड मरत नाहीं. तांदळांतील सोंडा आपण सर्वांनीं पाहिला आहे. त्याची मादी सोंडेनें दाण्याला बारीक भोंक पाडते, त्यांत एक अंडें घालते आणि तें भोंक आपल्या चिकट स्रावानें बुजवून टाकते. पुढें अळी आंतल्या आंत दाणा पोखरते व पुरता किडा होऊन बाहेर पडते. वरून पाहणाऱ्यास तोंवर दाणा निर्दोष दिसतो. अशा बंद कोठडींत भुकटीचा शिरकाव होत नाहीं; वायु मात्र शिरतो. जो वायु दाण्याच्या पोटांत शिरूं शकतो, तो तेथून निघण्यास वेळ घेणार हें उघड आहे. या धड्याची सारी गोम एवढ्याच गोष्टींत आहे.

आपल्या विद्यार्थ्याच्या घरची टिकडी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची होती. हवेंतील ओलाव्याशीं तिचा संयोग झाला म्हणजे फॉस्फीन नांवाचा वायु सुटतो, आणि मागें ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची करड्या-पांढऱ्या रंगाची राख उरते. हा वायु प्राण्याच्या पेशींतील श्वसन थांबवितो. हवेंत प्राणवायु असूनही पेशीला तो वापरतां येत नाहीं. किड्याची पेशी आणि माणसाची पेशी यांत या बाबतींत मुळींच फरक नाहीं. फॉस्फीनवर उतारा म्हणून देतां येईल असें औषध अद्याप निघालेलें नाहीं.

सरकारी कोठारांत ही धुरी कशी देतात तें समजून घेतलें म्हणजे घरीं काय चुकतें तें आपोआप कळतें. कोठारांत पोत्यांची थप्पी रचून तिच्यावर जाड आच्छादन घालतात, कडा वाळूच्या लांबट पिशव्यांनीं दाबून बंद करतात, आणि दर टनास तीन ग्रॅम वजनाच्या तीन टिकड्या या बेतानें औषध ठेवतात. आठवडाभर तेथें कोणी जात नाहीं. मग तोंडावर योग्य मुखवटा चढवून शिकलेले लोक आच्छादन काढतात, दारें उघडतात, वारा खेळवितात, आणि हवेंत वायु किती उरला हें उपकरणानें मोजतात. आतां घरचा हिशेब करा. टनाला तीन टिकड्या, तर पन्नास किलो गव्हाच्या पिंपांत एक टिकडी म्हणजे टनाला वीस टिकड्या झाल्या. मात्रा जवळजवळ सातपट झाली. आणि मुखवटा नाहीं, उपकरण नाहीं, खिडकी बंद!

दुसरा हिशेब याहून बोलका आहे. तीन ग्रॅमच्या एका टिकडींतून सुमारें एक ग्रॅम फॉस्फीन सुटतें. नेहमींच्या उष्णतेंत एक ग्रॅम फॉस्फीन पाऊण लिटराहून किंचित् कमी जागा व्यापतें. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलींत सुमारें अठ्ठावीस हजार लिटर हवा मावते. पिंपाचें झांकण सैल राहून सर्व वायु त्या बंद खोलींत पसरला, तर हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे पंचवीस भाग होतील. कारखान्यांत आठ तास काम करणाऱ्या धडधाकट माणसासाठीं अनेक ठिकाणीं धरली जाणारी मर्यादा दहा लक्षांत ०.३ भाग एवढीच आहे. म्हणजे ऐंशीपटींहून अधिक झालें. ही हवा रात्रभर श्वासांत घेणारें मूल चार वर्षांचेंही असूं शकतें.

पहिल्यानें डोकें दुखतें, मळमळतें, उलट्या होतात, छाती आवळल्यासारखी वाटते, धाप लागते. लक्षणें अन्नविषबाधेसारखीं दिसत असल्यानें घरचीं माणसें रात्रीच्या जेवणास दोष देतात आणि पुन्हां त्याच खोलींत निजतात. असें कोणास होऊं लागलें तर घरांतील सर्वांनीं आधीं मोकळ्या हवेंत यावें, विलंब न लावतां रुग्णालय गांठावें, आणि घरांत धान्याची टिकडी ठेवली आहे हें डॉक्टरांस न विचारतां सांगावें. वास येत नाहीं म्हणून वायु नाहीं, असें समजणें ही मोठी चूक आहे. लसणाचा तो वास बहुतांशीं फॉस्फीनमध्यें मिसळलेल्या अशुद्ध द्रव्यांचा असतो. धान्य तीं द्रव्यें शोषून घेतें, आणि वास मावळल्यावरही वायु मागें राहूं शकतो. कीटकनाशकांविषयींच्या १९६८ च्या कायद्याखालीं या टिकडीचा वापर सरकारी खातीं आणि मान्यताप्राप्त कीडनियंत्रक यांच्यापुरता, तोही जाणकारांच्या देखरेखीखालीं, मर्यादित केला आहे. वाण्याच्या दुकानांतून ती सुटी मिळत असेल, तर ती मिळूं नये अशीच वस्तु आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. नीट वारा दिलेल्या धान्यांतून फॉस्फीन बहुतेक सारा निघून जातो, हें खरें आहे. म्हणूनच जगभर त्याचा वापर चालूं आहे. कच्च्या धान्यांत दर किलोस ०.१ मिलिग्रॅम आणि तयार पदार्थांत ०.०१ मिलिग्रॅम, याहून अधिक तो उरूं नये असा आंतरराष्ट्रीय अन्नमानकांचा दंडक आहे. पण राख जात नाहीं. फडकें फाटून ती दाण्यांत मिसळली, तर तींत न विरघळलेल्या टिकडीचा अंश राहूं शकतो. फॉस्फीनपुरतें उत्तर असें आहे: वाट दिली तर तो हवेंत जातो, न दिली तर घरांत राहतो.

सगळेच वायु इतके सरळ नसतात. तुमच्या आजीला विचारा. तिला कदाचित् धान्यांत ठेवावयाच्या औषधाच्या लहान कांचनळ्या आठवतील. नळीचें टोंक मोडून ती फडक्यांत गुंडाळीत आणि कोठींत खोल ठेवीत. त्यांत इथिलीन डायब्रोमाइड, म्हणजे ज्याला सर्वत्र ईडीबी म्हणत, तें द्रव्य असे. धान्य वांचविण्याच्या सरकारी मोहिमेंतच त्याचा घरोघर प्रसार झाला होता, आणि तो सद्हेतूनेंच झाला. त्या काळीं देशांत धान्याचा तुटवडा होता आणि किडीनें खाल्लेला प्रत्येक दाणा कोणाच्या तरी ताटांतला होता. अमेरिकेंतही हेंच द्रव्य धान्याला, फळांना आणि शेतांतील मातीलाही देत असत. उंदरांवरील प्रयोगांत त्यानें कर्करोग होतो असें दिसून आलें. पुढें फ्लॉरिडा, कॅलिफोर्निया, हवाई येथील विहिरींच्या पाण्यांत तें सांपडलें, आणि बाजारांतील पिठांत व केकच्या तयार मिश्रणांतही सांपडलें. १९८३ सालीं तेथील सरकारनें मातीची धुरी तडकाफडकीं थांबविली, आणि १९८४ सालीं धान्याची. आपल्या देशांत ईडीबीवर पूर्ण बंदी २००१ सालीं आली. मधलीं सतरा वर्षें कां लागलीं, हा प्रश्न विज्ञानाचा नाहीं. पण तो विचारण्यास हरकत नसावी.

मातींत गेलेल्या ईडीबीची गोष्ट तर विलक्षण आहे. तें द्रव्य उडून जाणारें, म्हणून तें मातींत फार काळ टिकणार नाहीं अशी सर्वांची समजूत होती. १९८७ सालीं अमेरिकेच्या कनेक्टिकट संस्थानांतील संशोधकांनीं तंबाखूच्या शेतांतील वरची माती तपासली. कांहीं शेतांत शेवटची धुरी देऊन एकोणीस वर्षें लोटलीं होतीं, तरी ईडीबी हजर! मातीच्या कणाला आपण भरीव समजतों, पण त्याला डोळ्यांना न दिसणारीं असंख्य छिद्रें असतात. द्रव्याचे रेणु त्यांत जाऊन अडकले होते. तेथें त्यांना वारा लागत नव्हता आणि मातींतील जीवाणूंचेंही तोंड पोंचत नव्हतें. वर्षानुवर्षें ते कणाकणानें बाहेर झिरपत आणि पाण्याबरोबर खालीं उतरत. त्याच कुळांतील डीबीसीपी नांवाचें द्रव्य मुळांवरील सूत्रकृमि मारण्यासाठीं मातींत घालीत. १९७७ सालीं कॅलिफोर्नियांतील एका कारखान्यांत तें बनविणाऱ्या कामगारांना मुलें होत नाहींत असें उघडकीस आलें. तेंही कोणा तपासनिसाच्या नव्हे, तर कामगारांच्याच आपसांतील बोलण्यावरून. त्यालाही आपल्याकडे बंदी झालेली आहे.

हें सारें सातासमुद्रांपलीकडचें म्हणून सोडून देतां येत नाहीं, कारण मातीला धुरी देण्याची कला आपल्या उंबऱ्यापर्यंत आली आहे. चऱ्होलीपासून इंद्रायणीच्या उगमाच्या दिशेनें गेल्यास मावळांत तळेगांव दाभाडे लागतें. तेथील पुष्पोद्यान-वसाहतींत प्लास्टिकच्या छपराखालीं गुलाब फुलतात. अशा हरितगृहांत एकच पीक वारंवार घेतल्यानें मातींत रोगबीजें आणि सूत्रकृमि सांचतात, म्हणून लागवडीपूर्वीं माती निर्जंतुक करतात. फॉर्मालिन पाण्यांत मिसळून वाफ्यांत ओततात, वर प्लास्टिक अंथरून कांहीं दिवस झांकून ठेवतात, आणि मग भरपूर पाणी सोडून माती धुतात. मातींतील जीवाणु फॉर्मालिनचा तसा लवकर फडशा पाडतात. तेव्हां येथें धोका फुलांना किंवा विहिरीला असण्यापेक्षां ओतणाऱ्या माणसाच्या नाकाडोळ्यांना आणि फुप्फुसांना अधिक. फॉर्मालिनचा वायु हा माणसांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत गणला आहे. तरी बंद छपराखालीं उघड्या तोंडानें तो ओतणारे मजूर दिसतात, ही खेदाची गोष्ट आहे.

दुसरें एक औषध डॅझोमेट नांवाच्या भुकटीचें असतें. ओल्या मातींत तिच्यापासून मेथिल आयसोथायोसायनेट वायु सुटतो. (१९८४ च्या डिसेंबरांत भोपाळांत ज्या वायूनें हजारों माणसें मेलीं, त्याचें नांव मेथिल आयसोसायनेट. नांवें सारखीं दिसलीं तरी द्रव्यें भिन्न आहेत. परीक्षेंत घोटाळा करूं नये.) हा वायु मातींतून पुरता गेला कीं नाहीं, हें ओळखण्याची युक्ति मोठी मौजेची आहे, आणि तिला लागणारी वस्तु आपल्या प्रत्येक घरीं सांपडते. ती म्हणजे अळीव. ज्याचे लाडू बाळंतिणीला देतात, तेंच. कांचेच्या दोन बरण्या घेतात. एकींत धुरी दिलेल्या वाफ्याच्या खोल थरांतली ओलसर माती, दुसरींत धुरी न दिलेल्या जागेची. दोहींत ओल्या कापसावर अळिवाचे दाणे ठेवून झांकणें घट्ट लावतात आणि उजेडांत ठेवून देतात. दोनतीन दिवसांत साध्या मातीच्या बरणींत हिरवे कोंब येतात. पहिल्या बरणींतले कोंब तसेच आले तर माती मोकळी झाली. खुरटले वा आलेच नाहींत तर वायु अजून आहे, माती पुन्हां हलवून वारा द्यावयाचा आणि थांबावयाचें. जेथें आपलें नाक फसतें, तेथें अळिवाचा दाणा फसत नाहीं. प्रयोग करूं इच्छिणाऱ्यांनीं तो शिक्षकांच्या देखत आणि मोकळ्या व्हरांड्यांत करावा.

मेथिल ब्रोमाइड हा तिसरा प्रकार. त्याला स्वतःचा वास नाहीं, म्हणून डोळ्यांतून पाणी काढणारें दुसरें द्रव्य इशाऱ्यासाठीं त्यांत मिसळावें लागे. तो धान्यांत ब्रोमाइड मागें ठेवतो, आणि जो उडून जातो तो वर जाऊन ओझोनच्या थराला भोंक पाडतो. म्हणून मॉन्ट्रियल-कराराखालीं पुढारलेल्या देशांनीं २००५ पर्यंत आणि आपल्यासारख्या देशांनीं २०१५ पर्यंत त्याचा सामान्य वापर सोडला. परदेशीं जाणाऱ्या-येणाऱ्या मालाला कीड लागूं नये यासाठीं मात्र त्याची मोकळीक ठेवली आहे.

मसाल्यांची कथा अलीकडची आहे. तीळ, मिरी, मिरची यांतील रोगजंतु मारण्यास इथिलीन ऑक्साइड वापरतात. हें द्रव्य माणसांत कर्करोग उत्पन्न करतें हें सिद्ध आहे. २०२० च्या सप्टेंबरांत युरोपांत गेलेल्या भारतीय तिळांत तें सांपडलें आणि एकामागून एक देशांनीं माल परत बोलाविला. २०२४ च्या एप्रिलांत हाँगकाँग येथील अन्नसुरक्षा केंद्रानें दोन नामांकित भारतीय कंपन्यांचे कांहीं मसाले याच कारणास्तव विक्रीतून काढविले. येथें "जातो कोठें?" या प्रश्नाला नवेंच उत्तर मिळतें. इथिलीन ऑक्साइड अन्नांतील क्लोराइडाशीं मिळून क्लोरोएथॅनॉल होतें, म्हणजे तें जात नाहीं, वेष पालटतें. म्हणून युरोपांत दोहोंची बेरीज मोजतात. अमेरिकेंत मसाल्यांसाठीं त्याचा वापर ठराविक मर्यादेंत चालतो, हेंही सांगणें न्यायाचें होईल. जाणत्या देशांतही या बाबतींत एकमत नाहीं.

मग कीड मारावी कशी? आपल्याच प्रांतांत याचीं दोन उत्तरें आहेत, एक नवें आणि एक फार जुनें. नवें नाशिक जिल्ह्यांत लासलगांव येथें आहे. तेथें भाभा अणुसंशोधन केंद्रानें २००२ सालीं "कृषक" हें विकिरण-केंद्र उभारलें, प्रथम कांद्याला कोंब येऊं नयेत म्हणून. २००७ सालीं अमेरिकेनें भारतीय आंब्याला पुन्हां दार उघडलें, तें या किरणांच्या अटीवरच. किरण फळांतून आरपार जातात आणि फळमाशीची पैदास थांबवितात. ते मागें राहत नाहींत आणि त्यांच्यामुळें फळ किरणोत्सर्गी होत नाहीं.

जुनें उत्तर म्हणजे पेव. सांगलीजवळ हरिपूर येथें हळद सांठविण्याचीं जमिनींतील पेवें प्रसिद्ध आहेत, आणि पूर्वीं ज्वारीचीं पेवें तर गांवोगांव होतीं. पेवाचें तोंड मातीनें लिंपून बंद केलें म्हणजे आंतील दाणे आणि किडे मिळून तेथला प्राणवायु संपवितात व कर्बद्विप्राणिद वायु सांचतो. किडे आपल्याच श्वासानें गुदमरून मरतात. धुरी देणारा कोणी नाहीं, मागें विषाचा अंश नाहीं. पण हाच वायु उतरणाऱ्या माणसालाही मारतो. म्हणून जाणते लोक पेव उघडून बराच वेळ तसेंच ठेवीत, आंत दिवा सोडून पाहत, आणि तो विझला नाहीं तरच माणूस उतरवीत. दिवा काय आणि अळिवाची बरणी काय, दोहोंची जात एकच. हल्लीं धान्यासाठीं हवाबंद थरांच्या प्लास्टिकच्या पिशव्या निघाल्या आहेत. त्या म्हणजे लहानसें पेवच.

घरीं करावयाच्या गोष्टींत नवल असें कांहीं नाहीं. दाणा दांतांखालीं कट्‌कन फुटेपर्यंत गहूं कडक उन्हांत वाळवावा, पूर्ण निवाल्यावर भरावा, कोठी आधीं स्वच्छ व कोरडी करावी, आणि झांकण घट्ट बसणारें असावें. कडुनिंबाचा वाळलेला पाला चालतो. डाळीला एरंडेलाचें बोट लावण्याची आपली जुनी चाल उत्तम आहे. बोरिक पावडरीविषयीं मात्र सावध असावें. तांदूळ आणि डाळ आपण धुऊन घेतों, गहूं न धुतां गिरणींत नेतों. तेव्हां गव्हाला चोळलेली पावडर थेट पोळींत उतरते. पाऱ्याच्या गोळ्या धान्यांत ठेवणेंही सोडावें. पारा सावकाश वाफ होऊन हवेंत मिसळतो, आणि गोळी फुटली तर तो दाण्यांत जातो. घरांत फॉस्फाइडच्या टिकड्या आधींच ठेवल्या असतील तर पिंप हलवून उघड्या जागीं न्यावें, तेथें झांकण काढून दूर व्हावें, मुलांना जवळ येऊं देऊं नये, आणि उरलेल्या टिकड्यांवर पाणी ओतूं नये. त्या नदींत, शेकोटींत वा कचऱ्याच्या डब्यांतही टाकूं नयेत. कृषि-अधिकाऱ्यांस किंवा मान्यताप्राप्त कीडनियंत्रकास विचारून त्यांची विल्हेवाट लावावी.

ज्या विद्यार्थ्याच्या प्रश्नावरून हें लिहिलें, त्याच्या घरचें पिंप आतां व्हरांड्यांत आलें आहे. यंदाचा गहूं टिकडीवांचून भरला. पहिल्या पावसाच्या आठ दिवस आधीं त्यांत दोन सोंडे दिसले, तेव्हां त्याच्या आईनें सारा गहूं पुन्हां एकदां उन्हांत पसरला आणि संध्याकाळीं चाळून भरला. निम्में चाळणें आपल्याकडे होतें, असें तो दुसऱ्या दिवशीं वर्गांत जरा कुरकुरतच सांगत होता.